पकडीवरची लाल रेघ

फर्दापूर,
६ नोव्हेंबर २०२५

चि. लुबनास अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. फोनवर मला आता नीट ऐकू येत नाही. मी "काय? काय?" करत बसते आणि समोरचा माणूस ओरडून ओरडून शेवटी "काही नाही" म्हणतो. त्यापेक्षा कागद बरा. तुझा मामेभाऊ अन्सार रोज पर्यटकांना जीपमधून इकडे लेण्यांवर आणतो, त्याच्या हाती हे देतेय. उत्तरही त्याच्याच हाती दे.

आता मुद्द्याचं. काल सत्यम घरी आला तो तोंड फुगवून. पायलट झाला तरी रुसायची पद्धत तिसरीतल्या पोराचीच आहे. "लुबनानं हेलिकॉप्टर बसवून ठेवलंय," म्हणाला आणि सगळा राग भाकरीवर काढला. मी विचारलं, बिघडलंय का काही? तर म्हणे, "कुठं काय बिघडलंय! लई मस्त चाललंय. कुठल्या तरी देशात कुठल्या तरी मशिनला काय तरी झालं, अन् दिल्लीवरून आदेश आला. आता ही रोज भिंग घेऊन पंख्यात डोकं घालून बसती."

अगं, तू काय करतेस ते मला कळत नसलं तरी तू उगाच काही करत नाहीस एवढं कळतं. अब्बांच्या गॅरेजमधून थेट शाळेत यायचीस, गणवेशावर ग्रीसचे डाग घेऊन, आणि मी रागावले की "बाई, काम व्हतं," एवढंच म्हणायचीस. माझ्या हाताखालून गेलेली मुलगी आज विमानतळावर इंजिनिअर आहे आणि तिच्या सहीशिवाय हेलिकॉप्टर उडत नाही, हे मी इथल्या प्रत्येकाला, विचारलं नाही तरी, सांगत असते.

पण सत्यमचंही बघ. मालकांनी त्याला सांगितलंय की ही लग्नसराई नीट पार पडली तर नोकरीत कायम करू. तेवीस तारखेला सिल्लोडकडच्या एका बागायतदाराच्या मुलीची पाठवणी हेलिकॉप्टरमधून आहे. त्यांनी शेतातली जागा सपाट करून चुन्याचा गोलसुद्धा आखलाय म्हणे. हे हुकलं तर मालक दुसरा पायलट बघतील अशी धास्ती पोराला बसलीय. तोंडानं बोलत नाही, पण आईला कळतंच ना.

तेव्हा जे काय तपासायचं ते लवकर उरक, आणि मला समजेल असं लिही की हे चाललंय तरी काय. मला कानानं कमी येतं, डोक्यानं नाही.

तुझी,
द्वारकाबाई

---

छत्रपती संभाजीनगर,
८ नोव्हेंबर २०२५

आदरणीय बाई,
सलाम आणि नमस्कार, दोन्ही.

तुमचं पत्र अन्सारनं हँगरच्या गेटवर आणून दिलं आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "लुबना, शाळेतून चिठ्ठी आलीय, पालकांना बोलवलंय." दिवसभर मला सगळे तेच चिडवत होते.

तुम्हाला समजेल असं लिहिते. हेलिकॉप्टरच्या डोक्यावरचा पंखा तुम्ही पाहिलाय. त्याचं प्रत्येक पातं मुळाशी एका धातूच्या पकडीत बसवलेलं असतं. सगळं वजन, सगळा ताण त्या पकडीवर. विमानाचं इंजिन बंद पडलं तर ते थोडा वेळ तरंगत तरी येतं. हेलिकॉप्टरची पकड तुटली तर पायलटला काही म्हणजे काही करता येत नाही, तो कितीही हुशार असो. परदेशात आमच्यासारख्याच एका मशिनच्या पकडीला तडा सापडला, म्हणून आदेश आला की त्या जातीच्या सगळ्या मशिन्सच्या पकडी पुढच्या उड्डाणाआधी तपासायच्या आणि दोष दिसला की बदलायच्या. हे ऐच्छिक नाही, सक्तीचं आहे. सत्यमला ते माहीत आहे. त्याला फक्त घाई आहे.

तपासायची रीत अशी. पकड आधी धुवून कोरडी करायची. मग तिच्यावर लाल रंगाचं पातळ द्रव्य लावायचं. डोळ्याला न दिसणारी चीर असेल तर ते आत झिरपतं. वरचं सगळं पुसून घ्यायचं आणि पांढरी पूड फवारायची. चीर नसेल तर पकड पांढरीशुभ्र राहते. असेल तर आत शिरलेला रंग हळूहळू बाहेर येतो आणि पांढऱ्यावर लाल रेघ उमटते.

काल एका पकडीच्या कोपऱ्यात मला तशी रेघ दिसल्यासारखी वाटली. बारीक, अर्ध्या नखाएवढी. मी फोटोसाठी कॅमेरा आणायला वळले आणि परत आले तोवर सत्यमनं अंगठ्यानं ती पुसून टाकली होती. मी ओरडले. तो हसला. म्हणाला, "अगं, ते कुंकू आहे. खंडेनवमीला आईनं लावलेलं. तेलात कालवलेलं होतं, कोपऱ्यात बसलंय, निघत नाय लवकर."

बाई, खंडेनवमीला मी ट्रेनिंगसाठी बंगळूरला होते. मागाहून ऐकलं की सत्यमनं हट्टानं तुमच्या हातून पूजा करवून घेतली. मालकांचे भाऊ कुरकुरले होते की सवाष्णीला बोलवा, तर त्यानं सरळ सांगितलं, "मशीन मी उडवणार, तर पूजा माझी आईच करणार. नायतर मी किल्ली खाली ठेवतो." आपली पोरं अशी निघाली की बरं वाटतं.

पण आता माझी अडचण समजून घ्या. तेलातलं कुंकू कोपऱ्यात राहू शकतं, मी नाही म्हणत नाही. मी धुतलं होतं, पण माझ्या धुण्यातही कसर राहू शकते. हँगरमधले सगळे माझ्याकडे बघताहेत, आणि देवाच्या कुंकवावर शंका घेणारी मी, लुबना, हेही त्यात आलंच. तोंडावर कोणी काही बोललं नाही, चांगली माणसं आहेत. तरी मला ते जाणवतं.

म्हणून तुम्हालाच विचारते. तुम्ही शिडीवर चढून कुंकू लावलंत, ते नेमकं कुठे? पात्यावर, की पात्याच्या मुळाशी जी जाड पकड आहे तिच्यावर? आठवून लिहा. तोवर मी सही करत नाही.

तुमची,
लुबना

---

फर्दापूर,
१० नोव्हेंबर २०२५

चि. लुबना,
आशीर्वाद.

अगं, एवढीशी गोष्ट आणि त्यासाठी मशीन अडवून ठेवलंस? कुंकू मीच लावलं. तू म्हणतेस त्याच जाड जागेवर, पात्याच्या मुळाशी. चांगलं तेलात कालवून बोट भरून लावलं. हँगरमधल्या कडूबानं शिडी धरली होती. वर चढले, पाच बोटं ओढली, हळद लावली, एक झेंडूचं फूलही ठेवलं. ते मात्र वाऱ्यानं खाली पडलं असेल. तेल माझ्या घरचं, करडईचं. ते लवकर निघत नाही. माझ्या देव्हाऱ्यातल्या पितळेवरचंही निघत नाही, चिंचेनं घासावं लागतं.

तेव्हा शंका काढून टाक. सत्यमनं मला विचारलं तेव्हाही मी त्याला हेच सांगितलं होतं. तो खोटं बोलणारा नाही आणि मी तर तुझी बाई आहे.

एक सांगू का? तू फार काटेकोर आहेस. त्याचं कौतुकच आहे. पण काटेकोरपणालाही कुठंतरी थांबावं लागतं, नाहीतर जगातलं एकही वाहन रस्त्यावर येणार नाही. त्या मुलीच्या बापानं चारचौघांत सांगितलंय की लेक आकाशातून सासरी जाणार. सत्यमनं त्यांना शब्द दिलाय. त्याचं आयुष्य मार्गी लागायची वेळ आहे.

मी आणखी काय लिहू. तुझ्यावर सोडते.

तुझी,
द्वारकाबाई

---

छत्रपती संभाजीनगर,
१३ नोव्हेंबर २०२५

आदरणीय बाई,
सलाम, नमस्कार.

हे पत्र लिहायला मला अवघड जातंय.

तुमचं पत्र मिळालं तेव्हा मला किती हायसं वाटलं ते काय सांगू. मालकांचा फोन चालूच होता. सत्यम समोर येरझारा घालत होता. मी पत्र वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि सहीसाठी पेनसुद्धा काढलं. तुमचं अक्षर बघून वाढलेय मी बाई, त्या अक्षरात लिहिलेलं खरं मानायची सवय आहे मला.

मग वाटलं, बाईंनी कुंकू लावलं हे खरं. सत्यमनं पुसलं हेही खरं. म्हणजे आता तिथे कुंकू नाही. मग परत बघायला काय हरकत आहे? बाईंचं म्हणणं बरोबर असेल तर पकड पांढरी राहील, दोन तास जातील, मी पुंडलिकनगरात घरी जाऊन निवांत झोपेन आणि सत्यम मला वर्षभर बोल लावेल. चालेल.

या वेळी मी तो कोपरा आणखी नीट धुतला. ब्रशनं घासला. पुन्हा धुतला. पांढरं फडकं फिरवलं, ते पांढरंच निघालं. ते मी सत्यमला दाखवलं. तो म्हणाला, "बास ना आता." मग लाल द्रव्य, मग पुसणं, मग पांढरी पूड. आणि आम्ही दोघं शिडीच्या दोन बाजूंना उभे राहिलो.

रेघ परत आली. त्याच जागी, त्याच वळणाची. आधी ठिपका, मग ठिपक्याला ठिपका जोडत. मी भिंग त्याच्या हातात दिलं. तो खूप वेळ बघत राहिला. मग त्यानं अंगठा उचलला आणि तसाच हवेत धरून ठेवला, लावला नाही. म्हणाला, "लुबना, त्या दिवशी हाच अंगठा फिरवला व्हता गं मी." मग खाली उतरून जमिनीवर बसला. त्याला पाणी दिलं. थोड्या वेळानं उठला आणि म्हणाला, "बाकीच्या पकडी पण बघ. आजच. मी टॉर्च धरतो."

आणि धरला बाई. सगळं होईपर्यंत धरला. मालकांचा फोन आला तेव्हा मी तो घ्यायच्या आत यानं घेतला आणि सांगितलं, "साहेब, मशीन उडत नाय. तुम्ही दुसरा पायलट आणला तर त्यालाही मी हेच दाखवीन." माझ्या अख्ख्या नोकरीत कुठल्या पायलटनं इंजिनिअरची बाजू अशी घेतलेली मी पाहिली नाही.

पकड काढून तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवलीय. नवीन पकडी मागवल्यात. त्या यायला वेळ लागेल, म्हणजे तेवीस तारीख गेली. तुमची मनापासून माफी मागते. तुमचं कुंकू तिथे होतं यावर माझा विश्वास आहे. पण त्याच्याखाली हेही होतं. रागावला असाल तर रागवा, पण उत्तर लिहा.

तुमची,
लुबना

---

छत्रपती संभाजीनगर,
१२ डिसेंबर २०२५

आदरणीय बाई,
सलाम.

महिना झाला, तुमचं उत्तर नाही. अन्सारला रोज विचारते. तो म्हणतो, "बाई ओट्यावर बसलेल्या असत्यात, जीप दिसली की आत जात्यात." म्हणजे राग मोठा आहे. तरी मी लिहिणारच. ओरडायचं असेल तर समोर बोलवून ओरडा, मी येते.

नवीन पकडी आल्या, बसवल्या. सगळ्याच बदलल्या, तडा एकीलाच होता तरी. प्रयोगशाळेचा निकालही आला. ती पकड त्यांनी कापून पाहिली. वरून केसाएवढी दिसणारी चीर आत खूप खोल गेली होती. आणखी किती उड्डाणं टिकली असती, ते त्यांनी लिहिलं नाही. मीही विचारलं नाही. सत्यमनं तो कागद वाचला, खिशात ठेवला आणि बाहेर जाऊन चहा न पिताच परत आला.

चाचणीचं पहिलं उड्डाण झालं. आमच्याकडे रिवाज आहे, ज्यानं सही केली त्यानं पहिल्या उड्डाणात शेजारी बसायचं. मी बसले. इथल्याच सातारा गावच्या डोंगरावरून वळसा घालून आलो. उतरल्यावर सत्यम म्हणाला, "आता आईला आणून बसवायला हरकत नाय." मला वाटतं, माझ्या कामाला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कोणी देणार नाही.

लग्नाचं तुम्हाला कळलंच असेल. मुलीचे वडील फोनवर फार भडकले होते, नको ते बोलले. मालक म्हणाले, फोन बंद करून ठेवा. पण सत्यम स्वतः गेला त्यांच्या गावी, हळदीच्या दिवशी, भर मंडपात. म्हणाला, "मशिनला तडा सापडला. ज्यात मी माझ्या आईला बसवणार नाय, त्यात तुमची लेक कशी बसवू?" त्या गृहस्थांनी त्याला हाताला धरून पंगतीत बसवलं म्हणे. मग म्हणाले, "आधी जेवून घ्या." मुलगी सासरी अन्सारच्या जीपमधून गेली, झेंडूच्या माळा लावून. अन्सार तेव्हापासून जमिनीवर चालत नाही.

मालकांनी कायम केल्याचा कागद अजून दिलेला नाही. पण प्रत्येक तपासणीला सत्यमनं हजर राहायचं, असा नवीन नियम त्यांनीच काढलाय. त्यातून काय ते समजा.

बाई, मी तुमचा शब्द मोडला असं तुम्हाला वाटत असेल तर एकदा स्पष्ट लिहा. तुमचा मान माझ्या मनात होता तेवढाच आहे.

तुमची,
लुबना

---

फर्दापूर,
१५ डिसेंबर २०२५

माझी लुबना,

राग नाही गं. राग कसला. मला तुझ्यासमोर यायची लाज वाटत होती, म्हणून जीप दिसली की आत जात होते.

कुंकू मी लावलंच नव्हतं.

सगळं सांगते. खंडेनवमीला सत्यमनं माझ्यासाठी सगळ्यांशी वाद घातला. कडूबानं शिडी धरली, सत्यम नारळ आणायला गेला. मी वर चढले. चिमटीत कुंकू होतं. खाली माणसं बघत होती, आणि मालकांच्या भावाचं बोलणं माझ्या बहिऱ्या कानांनीही बरोबर ऐकलं होतं. मनात आलं, माझं कपाळ मोकळं, आणि या हातानं मी पोराच्या मशिनला कुंकू लावू? त्याला काही झालं तर? इतकी वर्षं शाळेत मुलींना सांगितलं की असलं काही मानू नका, आणि शिडीवर चढून मीच ते मानलं. पात्याला हात न लावता, मूठ तशीच मिटून खाली उतरले, नळाखाली हात धुतला. सत्यमनं विचारलं, "लावलंस ना आई?" त्याचा चेहरा असा फुलला होता की मला नाही म्हणवेना. लावलं म्हणाले.

मग तुझं पत्र आलं. तू विचारलंस, नेमकं कुठे लावलं? लुबना, मला त्या क्षणी कळायला हवं होतं. कुंकू लावलंच नाही, तर ते लाल काय होतं? तू पत्रात सगळी रीत समजावून लिहिली होतीस. पण मला फक्त एवढंच दिसलं की खरं सांगितलं तर सत्यमला कळेल, त्यानं ज्यासाठी एवढं भांडण केलं ते त्याच्या आईनं केलंच नाही. आणि त्याची नोकरी जाईल. म्हणून तेल, हळद, झेंडू, चिंच, सुचेल ते लिहून काढलं. एकेक शब्द शुद्ध आणि एकेक शब्द खोटा.

ज्या हातानं अपशकुन होईल म्हणून मी भ्याले, त्या हातात काही दोष नव्हता. दोष त्यानं तुला लिहिलेल्या पत्रात होता.

काल सत्यम आला. त्याला सगळं सांगितलं. मला वाटलं, ओरडेल. तो माझ्याजवळ येऊन बसला आणि मोठ्यानं, कानाशी म्हणाला, "आई, पुढच्या खंडेनवमीला शिडीवर मी तुझ्या मागं उभा राहतो. खाली उतरायचं नाय." मी म्हटलं, लुबनालाही उभी कर, तिच्या देखत लावते, म्हणजे तिला मागाहून विचारायला नको. तेव्हा कुठे हसला.

तुझ्याबद्दल काय लिहू? मालक दबाव टाकत होता, पायलट टाकत होता, आणि सगळ्यांत जास्त दबाव मी टाकला, कारण तुझ्या मनात माझा मान आहे हे मला माहीत होतं. तू माझा मान राखलास, मला खोटं ठरवलं नाहीस, आणि तरी पकड परत धुतलीस. हे मी तुला शिकवलेलं नाही. कुठे शिकलीस ते एकदा येऊन सांग. मला त्या माणसाच्या पाया पडायचंय.

सत्यम समोर पाटावर बसलाय. आज राग नाही, भाकरी सरळ खातोय. आयुष्यभर वर्गात सांगत आले, बाईंचं ऐकायचं. तू ऐकलं नाहीस, म्हणून माझा मुलगा समोर जेवतोय. त्याचं ताट रिकामं झालंय, त्याला वाढायला उठते.

तुझी,
द्वारकाबाई